चार सेकंद कुठे गेले?

मुंबईसमोरच्या किनाऱ्यावर, थळला, मामाच्या घरी ओटीवर एक जुना संगणक आहे. २०१० सालच्या पिढीतला, पहिला कोअर आय-थ्री. नारळ-सुपारीचा हिशेब, पर्यटकांना द्यायच्या दोन खोल्यांची नोंदवही आणि विजेची बिलं एवढंच काम त्याच्यावर चालतं, आणि ते वर्षानुवर्षं चालत आलंय. मध्यंतरी त्याची घरघरणारी हार्ड डिस्क काढून आम्ही सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी बसवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ या यंत्राला घरात घ्यायला तयार नव्हतं. म्हणून त्या दिवाळीत मी त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं.

रात्री जेवणं झाल्यावर मामाने हिशेबाची फाइल उघडली. तक्त्याचा प्रोग्राम सुरू होऊन आकडे दिसायला साडेपाच सेकंद लागले. चुकून त्याने सगळं बंद केलं आणि पुन्हा उघडलं. या वेळी दीड सेकंद.

"अरे, आता कशी काय पटकन आली? काय केलंस?"

मी काहीच केलं नव्हतं. तीच फाइल, तीच डिस्क, तीच केबल, तोच प्रोसेसर. दोन वेळांच्या मध्ये कोणी एक स्क्रूसुद्धा फिरवला नव्हता. तरीही चार सेकंद नाहीसे झाले होते. मला या गोष्टीचं पुस्तकी कारण माहीत होतं. पण मामाने तो प्रश्न इतक्या सरळपणे विचारला, की त्याचं उत्तर किती विलक्षण आहे हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट जाणवलं.

उत्तराची सुरुवात अंतरापासून करावी लागते. संगणकात वेळ मोजायला सेकंद फार मोठा पडतो, म्हणून मी मामाला प्रकाशाच्या भाषेत सांगितलं. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. प्रोसेसरने रॅमकडे एखादा आकडा मागितला, तर तो मिळायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात प्रकाश ३० मीटर जातो. म्हणजे मामाच्या ओटीपासून मागच्या विहिरीपर्यंत. तोच आकडा एसएसडीकडे मागितला, तर लागतात सुमारे शंभर मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाश ३० किलोमीटर पुढे गेलेला असतो. थळच्या किनाऱ्यावरून कुलाबा समुद्रावरून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर. म्हणजे मुंबई गाठून वर थोडं. आणि जुनी हार्ड डिस्क? तिच्यात थाळी फिरायची, सुई जागेवर यायची, तोवर दहा मिलिसेकंद जायचे. तेवढ्या वेळात प्रकाश तीन हजार किलोमीटर कापतो. थळहून कन्याकुमारीला जाऊन परत यायला तेवढं अंतर पुरतं.

विहीर, मुंबई आणि कन्याकुमारी. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तेव्हा आम्ही सामान कन्याकुमारीहून मुंबईला आणलं होतं, आणि त्याचंच केवढं कौतुक झालं होतं! पण ते अजून विहिरीपाशी आलेलं नव्हतं. एक प्रोग्राम उघडायचा तर डिस्कवरून लहान-मोठे हजारो तुकडे आणावे लागतात. त्यातले पुष्कळ असे, की पहिला हातात आल्याशिवाय दुसरा कुठला मागायचा हे कळतच नाही. अशा दहा हजार फेऱ्या झाल्या तर नुसत्या जाण्या-येण्यातच एक सेकंद गेला.

जुन्या संगणकात याच्यावर आणखी एक अडचण असते, ती दाराची. एसएसडी संगणकाला ज्या जोडणीने लागते तिला साटा म्हणतात. २००९ मध्ये आलेली साटाची तिसरी पिढी सेकंदाला ६०० मेगाबाइट नेऊ शकते, आणि आजच्या साध्या एसएसडीही साडेपाचशेच्या घरात जातात. मामाच्या यंत्राचा मदरबोर्ड मात्र दुसऱ्या पिढीचा. तिथे कागदोपत्री मर्यादा ३०० मेगाबाइट, हाताशी येतात त्याहून थोडे कमी. ड्राइव्ह नवा, दार जुनं. त्याच बोर्डावरची रॅम मात्र दोन पट्ट्यांमधून मिळून सेकंदाला २१ गिगाबाइट देऊ शकते. म्हणजे साटाच्या दारातून जेवढं येतं त्याच्या सत्तर पट. पंधरा वर्षांच्या त्या यंत्रात इतका वेगवान भाग पहिल्या दिवसापासून बसलेला आहे. दार बदलता येत नाही, कारण ते बोर्डावर पक्कं आहे. मग एकच वाट उरते, दारातून कमी वेळा जायचं.

मी काळी खिडकी उघडून 'फ्री' ही आज्ञा दिली. लिनक्समध्ये ती रॅमचा हिशेब दाखवते. एकूण ८ गिगाबाइट रॅम. प्रोग्रामांनी वापरलेली दोनच्या आत. 'मोकळी' या रकान्यात मात्र अर्धा गिगाबाइटच.

"भरली की रे सगळी," मामा म्हणाला.

पुढे एक रकाना असतो, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. त्यात पाच गिगाबाइटहून जास्त होते. त्या रकान्याचं नाव कॅश. ती मेमरी वापरात नव्हती आणि रिकामीही नव्हती. डिस्कवरून जे जे काही एकदा वाचलं होतं, त्याची प्रत संगणकाने कोणी न सांगता तिथे ठेवून दिली होती. जागा मोकळीच आहे, कोणी मागितली तर क्षणात खाली करून देऊ, तोवर मुंबईहून आणलेलं सामान विहिरीपाशी राहू दे, असा सरळ व्यवहार. हिशेबाचा प्रोग्राम दुसऱ्यांदा उघडला तेव्हा डिस्कला जवळपास कोणी हाकच मारली नाही. उरलेला दीड सेकंद प्रोसेसरच्या स्वतःच्या कामाचा होता, तो कॅशने कमी होत नाही.

हा शब्द देवनागरीत लिहिला की रोकड या अर्थाच्या कॅशसारखाच दिसतो, आणि मला ते सोयीचं वाटतं. बँकेत कितीही ठेव असली तरी भाजीवालीला द्यायला खिशातली रोकडच लागते. खरं तर हा शब्द लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. १९६८ मध्ये आयबीएमने आपल्या सिस्टिम ३६० च्या ८५ क्रमांकाच्या यंत्रात मुख्य मेमरी आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एक छोटी, वेगवान मेमरी बसवली. तिचं मूळ नाव लांबलचक होतं, 'अतिवेगवान बफर' अशा अर्थाचं. आयबीएमच्या नियतकालिकात तिच्यावर लेख छापायचा होता, तेव्हा संपादकाने त्याऐवजी हा सुटसुटीत शब्द सुचवला, आणि तो कायमचा चिकटला. आपल्याकडे घाटावरचं पेव त्याच जातीचं, जमिनीत खणून लपवलेलं धान्याचं कोठार.

कल्पना मात्र नावाहून जुनी. १९६२ मध्ये मँचेस्टरच्या अ‍ॅटलस संगणकाने फिरत्या ड्रमवरची सावकाश मेमरी आणि चुंबकी कड्यांची वेगवान मेमरी एकत्र करून दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी असल्याचा भास निर्माण केला होता. कोणतं पान, म्हणजे मेमरीचा कोणता ठरावीक तुकडा, जवळ ठेवायचं आणि कोणतं ड्रमवर पाठवायचं हे तो स्वतःच ठरवायचा. १९६५ मध्ये केंब्रिजच्या मॉरिस विल्क्सने प्रोसेसरलगतच्या अशा छोट्या मेमरीवर दोनच पानांचा लेख लिहिला. आज प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक संगणकात जे आहे त्याचं बीज त्या दोन पानांत आहे.

त्याच सुमारास आपल्या समोरच्या किनाऱ्यावर काय चाललं होतं? थळच्या वाळूत रात्री उभं राहिलं की उत्तरेला मुंबईचा उजेड दिसतो. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टीफ्रॅक हा संगणक पूर्ण झाला. आपल्याच माणसांनी आराखडा काढून, आपल्याच हातांनी बांधलेला. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती, कड्यांतून तारा ओवलेल्या. ४० बिटांचे २,०४८ शब्द तिच्यात मावत. हिशेब केला तर ते होतात बरोबर दहा किलोबाइट. मामाच्या जुन्या संगणकाच्या प्रोसेसरमध्ये, नखाएवढ्या चकतीवर, प्रत्येक गाभ्याला आकड्यांसाठी म्हणून ३२ किलोबाइटची सर्वांत जवळची कॅश आहे. टीफ्रॅकची सगळी मेमरी तिच्यात तीन वेळा मावेल. आणि ती फक्त पहिली पायरी. तिच्यामागे २५६ किलोबाइटची दुसरी, तिच्यामागे काही मेगाबाइटची तिसरी, मग रॅम, मग एसएसडी. एसएसडीच्या पोटातही बहुधा स्वतःची थोडी रॅम असते. प्रत्येक पायरीवर तेच चाललेलं असतं. मागची पायरी मोठी आणि लांब, पुढची लहान आणि जवळची, आणि जे पुन्हा लागेल ते पुढे ओढून ठेवायचं.

पण पुन्हा काय लागेल, हे कळतं कसं?

इथे मी मामाला किनाऱ्यावर नेलं, म्हणजे बोलण्यातून. थळच्या समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटं आहेत. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट उभारायला घेतला. त्यांच्या आरमारातले मायनाक भंडारी तिथे होते. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला होतोय म्हटल्यावर इंग्रजांनी जहाजं आणून बेटाला गराडा घातला. त्यांची जहाजं मोठी, पाण्यात खोल बसणारी. मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून, वारा नसेल तर वल्ह्यांवर, त्यांच्या मधून निसटून रसद पोचवायच्या. आता विचार करा, त्या होडीत काय भरायचं? दगड-चुना हवा, दारूगोळा हवा, धान्य हवं, आणि होडी लहान. उद्या रात्री वाट मिळेलच असं नाही. बेटावरचं कोठार म्हणजे पुढच्या दिवसांबद्दल बांधलेला अंदाजच. २०२५ च्या जुलैमध्ये खांदेरी इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. मी त्याच्याकडे पाहतो तेव्हा तटाइतकंच मला त्या होड्यांमधलं सामान निवडणाऱ्या माणसाचं अप्रूप वाटतं.

संगणकापुढचा प्रश्न त्याच घराण्यातला. रॅमचं कोठार भरलं की नवीन पान आणायला जुनं एखादं काढून टाकावं लागतं. कोणतं? १९६६ मध्ये आयबीएममधल्या लास्लो बेलाडीने याचं अचूक उत्तर दिलं. जे पान भविष्यात सगळ्यांत उशिरा लागणार आहे ते काढा, याहून चांगली पद्धत असूच शकत नाही. हे उत्तर बिनचूक आहे आणि ते कोणालाही वापरता येत नाही, कारण भविष्य कोणालाच दिसत नाही. मला गणितातली ही गोष्ट फार हलवून जाते. आदर्श काय हे पक्कं ठाऊक आहे, आणि तो कायमचा हाताबाहेर आहे.

म्हणून यंत्र मागे वळून पाहतं. जे नुकतंच लागलं ते पुन्हा लागेल, जे बऱ्याच वेळात लागलं नाही ते बहुधा लागणार नाही. एवढा साधा अंदाज, पण तो कमालीचा खरा ठरतो, कारण माणसाचं काम फिरून फिरून त्याच जागी येतं. मामा रोज तीच हिशेबवही उघडतो, तेच चार प्रोग्राम, तोच छापायचा नमुना. डिस्क २५० गिगाबाइटची असली तरी त्याच्या दिवसाला लागतो तो तुकडा दोन-तीन गिगाबाइटांपलीकडे जात नाही. जुन्या संगणकाला कॅश लागू पडते ती यामुळे. त्याच्याकडून घेतलं जाणारं काम ठरलेलं असतं.

लिनक्सने या अंदाजाला एक सुरेख जोड दिली आहे. वाचलेली पानं तो दोन याद्यांत ठेवतो. नवीन आलेलं पान पहिल्या यादीत, ओटीवर. तिथूनच ते गेलं तर गेलं. पण ओटीवर असतानाच पुन्हा कोणी त्याला हाक मारली, तर त्याला दुसऱ्या यादीत, माजघरात घेतलं जातं. तिथून पान सहजासहजी बाहेर पडत नाही. भाच्यांनी येऊन दोन तासांचा सिनेमा लावला तर त्याचे गिगाबाइटच्या गिगाबाइट ओटीवरून येऊन जातात, कारण सिनेमाचा तोच क्षण पुन्हा कोणी मागत नाही. हिशेबवही माजघरात निवांत असते. हे सगळं ठरवणारे मूळ नियम साधेच आहेत, आणि 'मामा' किंवा 'सिनेमा' म्हणजे काय हे त्यांना काहीच माहीत नाही.

ज्या रॅमवर हे सगळं उभं आहे तिचा स्वभावही विचित्र. आजची रॅम ज्या रचनेवर चालते ती आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डला १९६६ मध्ये सुचली. एक ट्रान्झिस्टर आणि एक बारीकसा कपॅसिटर, मिळून एक बिट. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. पण तो भार गळतो. न थांबता गळतो. म्हणून साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. ८ गिगाबाइट रॅममध्ये असे ६,८०० कोटींहून अधिक कपॅसिटर असतात, आणि ते सगळे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा पुन्हा भरले जातात. आपण पडद्याकडे बघत चहा पीत असतो तेव्हाही. वीज गेली की ही उजळणी थांबते आणि सगळं पुसलं जातं. संगणक पूर्ण बंद करून सकाळी चालू केला की पहिला प्रोग्राम पुन्हा साडेपाच सेकंद घेतो, कारण कोठार रिकामं असतं. त्याऐवजी रात्री यंत्र झोपवलं, तर अगदी थोड्या विजेवर रॅमची उजळणी चालू राहते आणि सकाळी सगळं जिथल्या तिथे असतं. मामाने दुसऱ्याच दिवसापासून ही सवय लावून घेतली.

एसएसडी याच्या बरोबर उलट. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे ठेवलेल्या फ्लॅश मेमरीत इलेक्ट्रॉन निरोधक थराच्या मागे कोंडून ठेवलेले असतात. वीज गेली तरी ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात. फ्लॅश हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवलं. मोठा पट्टा एका झटक्यात पुसला जातो, त्यावरून त्याला कॅमेऱ्याचा लखलखाट आठवला. हीच तिची ताकद आणि हीच तिची खोड. लिहायचं पानापानाने, पण पुसायचं तर शेकडो पानांचा अख्खा गठ्ठा. एका पानावर थेट खोडून लिहिता येत नाही. नवीन मजकूर दुसऱ्या कोऱ्या पानावर जातो आणि जुनं पान पुसायची वाट बघत पडून राहतं. शिवाय प्रत्येक पुसण्याने तो निरोधक थर किंचित झिजतो. आजच्या साध्या एसएसडीच्या पेशी हजार ते तीन हजार वेळा पुसणं सोसतात. ड्राइव्ह ही झीज सगळीकडे सारखी वाटून घेतो म्हणून रोजच्या वापरात ती जाणवत नाही. पण लिहिणं हे फ्लॅशसाठी कष्टाचं काम आहे, हे खरं.

म्हणून लिहितानाही मधे रॅम घातली जाते. आणि इथे मला थळच्या बोटींशिवाय दुसरं उदाहरण सुचत नाही. बर्फ भरून लांब गेलेली बोट एकेक मासळी मिळाली की किनाऱ्याकडे वळत नाही. जाळं ओढलं की मासळी खणात जाते, बर्फात बसते, पुन्हा जाळं पाण्यात. खण भरला की मग एकच फेरी. मामाने हिशेबात आकडा भरून जतन केला, की लिनक्स तो आकडा आधी रॅमच्या खणात टाकतो आणि प्रोग्रामला सांगतो, झालं लिहून. खरं लिहिणं नंतर होतं. साधारणपणे तीसेक सेकंद जुनं झालेलं पान डिस्ककडे निघतं, किंवा अशी पानं फार साठली तर त्याआधीच. मधल्या वेळात मामाने तोच आकडा चार वेळा बदलला तरी एसएसडीपर्यंत शेवटचाच पोचू शकतो. आणि एखाद्या प्रोग्रामने कामापुरती तात्पुरती फाइल तयार करून दहा सेकंदांत पुसून टाकली, तर ती फ्लॅशवर कधी उमटतही नाही. रॅममध्ये जन्मली, रॅममध्येच संपली. एसएसडीला तिचा पत्ताही लागला नाही.

मामा इथे थांबला. तो आयुष्यभर समुद्राच्या शेजारी राहिलेला आहे. "आणि वाटेत बोट बुडाली तर?"

तर खणातलं सगळं गेलं. हाच या युक्तीचा मोबदला. वीज गेली त्या क्षणी जे रॅममध्ये होतं आणि डिस्कला पोचलं नव्हतं, ते नाहीसं होतं, आणि 'झालं लिहून' हा निरोप तर आधीच गेलेला असतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. वाड्यांतली माडा-पोफळीची झाडं आडवी झाली, खांब पडले, आणि गावंच्या गावं कितीतरी दिवस अंधारात होती. ज्याने ते पाहिलंय त्याला वीज जाते म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच जिथे एक नोंदही हरवून चालत नाही तिथले प्रोग्राम हा उशीर मान्य करत नाहीत. प्रत्येक व्यवहारानंतर ते बजावतात, आत्ताच्या आत्ता डिस्कवर लिही, आणि लिहून झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाहीत. वेग कमी होतो, ते तो सोसतात.

विंडोजवरही हा सगळा खेळ आहेच. २००७ मध्ये आलेल्या विस्टापासून ते एक पाऊल पुढेही गेलं. माणूस कोणत्या वेळी कोणता प्रोग्राम उघडतो हे लक्षात ठेवून तो आधीच रॅममध्ये आणून ठेवायचा. पण त्यावर वेगळी कॅश बसवणारे प्रोग्रामही मिळतात. २०१३ मध्ये सॅमसंगने आपल्या एसएसडीबरोबर रॅपिड नावाची सोय दिली. ती संगणकाच्या रॅममधला काही हिस्सा ड्राइव्हसाठी राखून ठेवायची. प्रिमोकॅशसारखे प्रोग्राम कुठल्याही ड्राइव्हसाठी तेच करतात, आणि लिहिणं किती सेकंद रोखून धरायचं हेही विचारतात. ते बसवून वेग मोजणारी चाचणी चालवली की पडद्यावर सेकंदाला चार-पाच हजार मेगाबाइट असे आकडे येतात. मामाच्या यंत्रात साटाचं दार ३०० चं आहे. त्या दारातून पाच हजार येणार कुठून? तो आकडा खरा आहे, पण तो रॅमचा आहे. चाचणीची फाइल डिस्कपर्यंत गेलेलीच नसते.

माझं मत असं, की जुन्या संगणकावर असा वेगळा प्रोग्राम बसवण्याआधी रॅम वाढवावी. यंत्रात चारच गिगाबाइट असतील आणि त्यातले दोन डिस्कच्या कॅशसाठी राखून ठेवले, तर ब्राउझरला जागा पुरत नाही, तो आपली पानं डिस्कवर टाकू लागतो, आणि जे टाळायचं होतं तेच दुप्पट होतं. संगणकाची स्वतःची कॅश मात्र लवचीक असते. प्रोग्रामला जागा हवी असेल तर ती सरकून घेते, नसेल तर पसरते. राखीव कॅशला हा समंजसपणा नसतो. भरपूर रॅम असेल, काम ठरावीक असेल, आणि वीज गेल्यावर काही मिनिटं तग धरणारा यूपीएस किंवा लॅपटॉपची बॅटरी असेल, तर मग लिहिणं रोखून धरणारी कॅश वापरून पाहायला हरकत नाही. डेस्कटॉप, थळची वीज आणि यूपीएस नाही, अशा ठिकाणी मी ती कधीच चालू करणार नाही.

मामाच्या यंत्राची रॅम आम्ही लिनक्स टाकण्याआधीच वाढवली होती. बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा. त्यातली एक खाच जुन्या दोन गिगाबाइटच्या पट्टीने अडलेली, दुसरीत चारची. दोनची काढून दुसरी चारची घातली. या जुन्या जातीची पट्टी वापरलेली स्वस्तात मिळते. पहिल्या वेळी यंत्र सुरूच झालं नाही, नुसतं पिपाणीसारखं वाजत राहिलं. घाबरायचं कारण नव्हतं. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने पट्टीच्या सोनेरी पायांवर थर धरतो. वीज काढून, पट्टी बाहेर घेऊन, शाळेतल्या पोरांच्या साध्या खोडरबराने ते पाय हलक्या हाताने घासले, भुगा पुसला, पट्टी पुन्हा दाबून बसवली. दोन्ही बाजूंचे चाप टक टक लागले आणि यंत्र उठलं. हजारो कोटी कपॅसिटर सेकंदाला सोळा वेळा भरणारी ती वस्तू एका खोडरबराने पुन्हा चालू होते, हे मला कितीही वेळा पाहिलं तरी नवलाचं वाटतं.

दिवाळीच्या शेवटच्या संध्याकाळी मामा महिन्याचा हिशेब भरत होता. बाहेर वारा सुटला होता आणि ओटीवरचा दिवा दोनदा मिचकावला. मामाने जतन करायची कळ दाबली. मग खुर्ची मागे घेऊन माझ्याकडे पाहिलं.

"बोट किनाऱ्याला लागली का रे?"

त्यासाठी एक आज्ञा आहे, 'सिंक'. खणात जे जे असेल ते सगळं डिस्कवर उतरवायचं, आणि उतरवून झाल्याशिवाय परत यायचं नाही. मी ती मामाला टाइप करायला लावली. डब्याच्या तोंडावरचा तांबडा दिवा लुकलुकला. क्षणभर पडद्यावर काहीच हललं नाही. मग खालच्या ओळीत ठोकळा पुन्हा उघडमीट करू लागला.

"लागली," मी म्हटलं, आणि मामाने वही मिटली.